आईचं जागणं



आजचं वाचन गीतेच्या सहाव्या अध्यायातलं, श्लोक १६ आणि १७. भगवंत इथे अति झोपणाऱ्यासोबत अति जागणाऱ्यालाही योगापासून दूर ठेवतात. हा दुसरा भाग मी आजवर पटकन वाचून पुढे जात होतो.

गेल्या महिन्यात उमरखेडला घरी गेलो होतो. आई हल्ली रात्री दोनला उठते, हातपाय धुऊन हरिपाठ म्हणत बसते. घरात सगळ्यांना कौतुक. मीही मित्रांना अभिमानाने सांगायचो. यावेळी तिसऱ्या रात्री तिच्याजवळ जाऊन बसलो. हरिपाठ कुठेही न अडखळता झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कवा आला रे तू?"

जुनं पाठांतर बराच काळ टिकतं, कालचं आधी निसटतं. म्हणजे हरिपाठ पाठ आहे यावरून 'सगळं ठीक' म्हणता येत नाही.

ब्रिटनमध्ये सुमारे ८ हजार लोकांना २५ वर्षं पाहिलं, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशी ते सत्तरी सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका अंदाजे ३० टक्के जास्त दिसला. पण लॉग वाचायची सवय असल्याने सांगतो, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असतेच असं नाही. मेंदूतले बदल विसरभोळेपणाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात, त्यामुळे झोपमोड हा त्यांचा परिणामही असू शकतो. आणि बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं यांनीही विसरायला होतं. त्यांवर उपचार आहेत. म्हणून तर तपासायचं.

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. तिच्या जागण्याला आम्ही भक्ती म्हटलं, ती श्रद्धा होती की सोय? डॉक्टरकडे नेणं म्हणजे तिच्या नामाला आजार म्हणणं, असं मला दोन दिवस वाटत राहिलं. पण नाम तिचं आहे, दोन वाजता उघडणारा डोळा शरीराचा आहे. आपण दोन्हींना एकत्र नमस्कार करून मोकळे झालो. (मी स्वतः रोज एकपर्यंत कॉलवर असतो आणि त्याला कर्तव्य म्हणतो. तोही हिशोब आहेच.)

नांदेडच्या डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. आईला सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्यायले सांगजो, मी हरिपाठ नाही विसरली."