तीन दिवसांचं सरकार कुठे पडलं?

तीन-चार दिवसांत कोसळलेलं सरकार म्हटलं की आपल्याला नोव्हेंबर २०१९ आठवतो. वर्धेकर म्हणून मला जुलै १९३८ही आठवतो.

तेव्हा वर्धा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. राजधानी नागपूर. प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधान म्हणत आणि ते होते डॉ. ना. भा. खरे. मंत्रिमंडळ एकट्या काँग्रेसचं, पण आतून आघाडीच. इकडे खरे, गोळे, रामराव देशमुख हे मराठी. तिकडे महाकोशलचे हिंदीभाषक रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता. दोन्ही गटांचं पटेना.

२० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला आणि सगळ्यांकडे मागितला. पक्षाचा आदेश नाही म्हणून महाकोशलच्या तिघांनी नकार दिला. गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केलं. २१ तारखेला खऱ्यांचं नवं मंत्रिमंडळ आलं. वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणी भरली, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. २३ तारखेला खऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे शुक्ल पंतप्रधान झाले.

यात चुकलं कोण?

सहकारी निवडणं हा पंतप्रधानाचा हक्कच. पण खरे निवडून आले पक्षाच्या नावावर. ज्या इंग्रज गव्हर्नरच्या अधिकाराशी पक्ष भांडत होता, त्याच अधिकाराने त्यांनी सोबत्यांना घालवलं. हक्क असणं आणि तो वापरणं योग्य असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधनशुचितेचा आग्रह धरणारे गांधी तर वर्ध्याच्या वेशीपाशीच, सेवाग्रामला राहत होते.

तरी पक्षाचं उत्तरही माझ्या गळी उतरत नाही. लोकांनी पक्षाच्या शब्दावर मत दिलं, म्हणून शब्द मोडणाऱ्याला पक्षाने दूर करावं, हे मान्य. पण पक्षाने दिलेलं असतं ते तिकीट. खुर्ची सभागृहाची असते. नागपुरात ११२ आमदारांची विधानसभा होती. खऱ्यांना तिथे उभं करून विश्वास मोजता आला असता. त्याऐवजी फैसला वर्ध्यात, पक्षाच्या बैठकीत झाला. तिथे ना विरोधक होते, ना मतदाराला डोकावायला खिडकी.

खरे वाईट की श्रेष्ठी वाईट, यावर भांडत बसलो की हा प्रश्न निसटतो. आजही एखादं सरकार पडल्याचं नोटिफिकेशन आलं, की कुणी पाडलं हे आपण लगेच विचारतो. मी आधी एवढंच बघतो: ते पडलं कुठे? सभागृहात, मोजलेल्या मतांनी, की बंद दाराआड? दुसऱ्या ठिकाणी पडलं असेल, तर जिंकलेली बाजू माझी असली तरी माझं मत तिथे मोजलं गेलेलं नसतं.