कटर हातात घेऊन दोन तास



चार दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी क्षमा. आपण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहोत, आणि नेमका तो भाग आला होता जिथे भगवंत अर्जुनाला जन्ममृत्यूच्या अटळपणाबद्दल सांगतात. रविवारी सकाळी पोथी उघडली, वाचलं, आणि मला एकदम बरं वाटलं. मग ते बरं वाटणंच टोचायला लागलं. म्हणून आज शब्दार्थ वगैरे बाजूला ठेवून घरात घडलेली एक गोष्ट सांगते.

आमच्या न्यू जर्सीच्या घरात देवघराच्या समोरच्या भिंतीला खाऱ्या पाण्याची टाकी आहे. साधारण २८० लिटरची. तिच्यात चार वर्षांपासून अ‍ॅक्रोपोरा जातीचं एक प्रवाळ होतं. आणलं तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा होता, चाळीस डॉलरचा. चार वर्षांत फांद्या फुटून फुटून मोठ्या फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झालं. टोकं निळसर जांभळी. घरी कोणी आलं की आधी ते दाखवायचे, मग चहा.

प्रवाळ म्हणजे झाड नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे, खरं तर हजारो बारक्या प्राण्यांची वसाहत. वर जिवंत मांसाचा अगदी पातळ थर, आणि खाली त्या जिवांनीच बांधलेला चुन्याचा सांगाडा. मांसाच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. समुद्र तापला की हे शेवाळ निघून जातं, त्याला ब्लीचिंग म्हणतात, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. ब्लीचिंगमध्ये प्रवाळ पांढरं दिसतं, पण मांस जागेवर असतं, फक्त पारदर्शक झालेलं. वेळेत पाणी निवलं तर ते सावरू शकतं. माझ्याकडे झालं ते वेगळं. त्याचं नाव रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, टाक्या ठेवणारे लोक नुसतं आरटीएन म्हणतात. यात मांसच सांगाड्यावरून सुटतं, ओला कागद सोलून निघावा तसं, आणि त्याच्या चिंध्या पाण्यात तरंगायला लागतात. संध्याकाळी रंगीत असलेलं प्रवाळ सकाळी नुसतं हाड झालेलं असू शकतं.

शनिवारी आमच्याकडच्या मंडळात भजन होतं. रात्री साडेनऊला घरी आले, दिवा लावला, टाकीकडे बघितलं तर प्रवाळाच्या बुडाशी बोटभर रुंदीची पांढरी पट्टी. सकाळी ती नव्हती. (नव्हती, की मी बघितलंच नव्हतं? घाईत होते. प्रसादाचा शिरा करायचा होता.)

काय करायचं ते मला माहीत होतं. या रोगावर खात्रीचं औषध नाही. एकच गोष्ट कधीकधी चालते: मांस जिथे सुटतंय त्या रेषेच्या बरंच वर, अजून निरोगी असलेल्या भागात कापायचं. टोकं वेगळी करायची, आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढायची, सुपरग्लूच्या जेलने नव्या तळावर चिकटवायची, आणि मूळ प्रवाळ टाकीबाहेर काढायचं. लवकर कापलं तर काही तुकडे जगण्याची शक्यता असते, उशिरा कापलं तर रेषा तुकड्यांवरही आलेली असते.

बोन कटर घेऊन मी टाकीसमोर उभी राहिले. आणि उभीच राहिले.

आधी वाटलं, पट्टी थांबेल. मग पाणी तपासायला बसले. गुरुवारी अल्कलिनिटी ७.२ आली होती. अल्कलिनिटी म्हणजे सोप्या भाषेत, पाण्यात विरघळलेली जी सामग्री सांगाडा बांधायला लागते तिचं माप. मी ती ८ च्या आसपास ठेवते. म्हणून डोसिंग पंपाची मात्रा दुप्पट केली होती आणि दोन दिवस परत तपासलंच नव्हतं. आता आली १०.४. म्हणजे दोन दिवसांत तीनच्या वर उडी, जी कधीच होऊ द्यायची नसते. पोटात खड्डा पडला. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण होतं असंही छातीठोक म्हणता येत नाही. त्याच पाण्यातल्या बाकीच्या दोन अ‍ॅक्रोपोरांना काही झालं नाही. मरणाऱ्या मांसावर व्हिब्रिओ गटातले जिवाणू सापडतात, बारीक एकपेशीय जीव सापडतात. पण ते रोग घेऊन येतात, की आधीच खचलेल्या जिवावर नंतर येतात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पाण्यातली अचानक उडी, तापमान, प्रवासाचा ताण, अशा सगळ्यांची नावं घेतली जातात. मात्रा मी वाढवली आणि तपासलं नाही, एवढं मात्र माझं.

पंप बंद केला, सुटलेलं मांस नळीने बादलीत ओढून घेतलं. ही सगळी कामं करण्यासारखीच होती, पण मी ती कापणं टाळण्यासाठी करत होते. कारण कापलं असतं तर तो आकार गेला असता. चार वर्षांचा आकार. माझ्या फोनच्या वॉलपेपरवर असलेला. हातात राहिले असते पाच-सहा बोटाएवढे तुकडे, पुन्हा सुरुवातीला होते तेवढे. प्रत्येक वेळी कटर जवळ नेला की वाटायचं, अजून अर्धा तर छान आहे की!

साडेअकराला तो अर्धाही राहिला नव्हता. मग कापलं. सांगाडा तुटतो तेव्हा कडक चकलीसारखा आवाज होतो. पाच तुकडे निघाले.

झोप येणार नव्हती. भारतात सकाळ झाली होती, मालवणला आजीला फोन लावला. आजीला आधी हे समजावण्यातच दहा मिनिटं गेली. तिच्या बोटात मंगळासाठी पोवळ्याची अंगठी आहे. "म्हणजे हे पण कोणाचं तरी हाडच गं?" म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली. तिचं पोवळं वेगळ्या जातीचं, पण हो आजी, हाडच.

मग तिने बैलाची गोष्ट काढली. आमच्या गोठ्यात एक बैल होता, त्याचं शिंग आतून सडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, शिंग मुळापासून काढावं लागेल. आजोबांनी आठ दिवस लावले. का? तर पोळ्याला शिंगं रंगवलेला तो बैल गावात नावाजलेला होता, एका शिंगाचा कसा दिसेल! आठ दिवसांनी शिंग काढलं तेव्हा सडणं पुढे गेलेलं होतं. "तुझ्या आजोबांचा जीव होता त्याच्यावर," आजी म्हणाली, "पण बैलावर होता की शिंगांवर, ते मला अजून कळलं नाही."

मी फोन ठेवला आणि सकाळी, पारोशानेच, पोथी उघडली. वाचून बरं वाटलं ते इथे. सगळंच जाणारं आहे, जे अटळ आहे त्याचा शोक कशाला, मी निमित्तमात्र वगैरे. दोन मिनिटांत मी स्वतःला सोडवून घेतलं होतं.

पण ते शब्द कधी सांगितले गेलेत ते बघा ना. अर्जुन रथात बसून गेलाय, धनुष्य टाकलंय, आणि करायचं ते अजून व्हायचंय. त्याला उठवायला सांगितलेलं आहे ते. सगळं उरकल्यावर हातपाय धुऊन बसलेल्या माणसाला निश्चिंत करायला नव्हे. कुरुक्षेत्र कुठे आणि माझी काचेची पेटी कुठे, मान्य. तरी मला ते शब्द हवे होते साडेनऊला, कटर हातात असताना. हा आकार जाणारच आहे, त्याला धरून बसू नकोस, काप, असं तेव्हा कोणी आतून म्हणायला हवं होतं. आसक्ती सोडायची वेळ तेव्हा होती. ती दोन तास मी मुठीत धरून ठेवली, आणि धरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा अनासक्तीचं पुस्तक उघडलं.

आणि दुसरं. नाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. ती ऐकताना आपण मनातल्या मनात नाथांच्या जागी उभे राहतो. पण ते गाढव नाथांनी तहानेलं केलं नव्हतं. माझ्या टाकीतल्या जिवाचं पाणी, मीठ, उजेड, रात्र आणि दिवस सगळं मीच ठरवत होते. ज्याला आपणच पेटीत आणून ठेवलंय त्याला वाचवण्याला दया म्हणायचं का? मला तो शब्द आता जड जातो. ते देणं आहे. भारतात भित्ती बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच. आजीच्या घरासमोरच्या समुद्रातल्या प्रवाळाला मी हात लावला तर गुन्हा आहे, आणि इथे चाळीस डॉलर दिले की झालं. माझा तुकडा समुद्रातून तोडलेला नव्हता, दुसऱ्याच्या टाकीत वाढवलेला होता, याचं समाधान मी चार वर्षं बाळगलं. ते खोटं नाही. पण त्याने देणं कमी होत नाही.

मग टाकी ठेवूच नये का? या प्रश्नाशी मी अजून भांडते आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, मायामीजवळ, २०१४ साली प्रवाळांचं मांस सुटण्याचा एक वेगळा, फार भयंकर रोग दिसला आणि तिथून तो कॅरिबियन समुद्रात पसरला. तिथे पाणबुडे खाली जाऊन रोगाच्या रेषेवर हाताने अमॉक्सिसिलिनचा लेप लावतात. तेच अमॉक्सिसिलिन, आपल्या घशाला देतात ते. काही ठिकाणी रेषेच्या पुढे जिवंत प्रवाळात चर खोदून बघितला, वणवा अडवायला पट्टा काढतात तसा. शेकडो वर्षं वाढलेल्या वसाहतीत चर पाडताना त्या माणसाचा हात किती वेळ थांबला असेल? रोग पोचण्याआधी काढून आणलेली निरोगी प्रवाळं देशभरातल्या मत्स्यालयांत जपून ठेवली आहेत. म्हणजे काचेची पेटी नेहमीच तुरुंग असते असंही नाही. पण ते लोक आणि मी यांत फरक आहे, आणि वॉलपेपर बघितला की तो मला कळतो.

पाचांपैकी तीन तुकडे रविवारी संध्याकाळपर्यंत पांढरे झाले. चौथा मंगळवारी गेला. पाचवा आहे, नखाएवढा. चिकटवलेल्या जागी मांसाची कड जेलवर पुढे सरकल्यासारखी वाटते, पण मी रोज इतकं टक लावून बघते की माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही.

फिलाडेल्फियाच्या एका मैत्रिणीला दोन वर्षांपूर्वी याच प्रवाळाची एक फांदी दिली होती. तेव्हाही कापताना जिवावर आलं होतं, एक बाजू बोडकी दिसेल म्हणून. तिच्याकडे ते आता मुठीएवढं झालंय. दुसरं रोप नव्हे, तोच जीव, तीच जनुकं. तिने फोटो पाठवला आणि म्हणाली, केव्हाही ये, अर्धं कापून देते.

मी अजून हो म्हटलेलं नाही. डोसिंग पंपाची मात्रा खाली आणली आहे, आणि देवघराच्या कडेला एक कागद चिकटवलाय. सकाळी दिवा लावला की आधी पाणी तपासायचं, आकडा लिहायचा, मग पोथी. महिनाभर रोज जमलं तर मैत्रिणीला फोन करेन. आज ८.१ आली.