वाचलेला वेळ कोणाचा?

वेगाविषयी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, याची माझी मलाच शंका आहे. माझ्या बालपणाचे वाहन म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरांची अरुंद लोहवाट. तिच्यावर १९९४ सालापर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. 'धावत होते' हे आपले म्हणायचे म्हणून. चढण आली की आम्ही पोरे खाली उतरत असू, रुळांकाठच्या बोरी झोडपत असू आणि खिसे भरून पुन्हा डब्यात चढत असू. ती गाडी आता बंद पडली आहे. परंतु तिच्या आठवणीने डोळे पुसणाऱ्यांपैकी मी नव्हे. अडलेली बाळंतीण घेऊन ज्यांना यवतमाळ गाठावे लागे, त्यांनी मंदपणाचे पोवाडे कधी गायले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे माझे म्हणणे 'जुने ते सोने' या थैलीत कोणी टाकणार नाही.

पुढे नोकरीने मला केळापूर तालुक्यात आणून सोडले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आमच्या तालुक्यातून जातो. पूर्वी त्याला सात नंबरचा रस्ता म्हणत, आणि म्हातारी माणसे अजून तसेच म्हणतात. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी अशी गावे मागे टाकीत तो पैनगंगेपार तेलंगणात उतरतो. दिल्लीचा माल हैदराबादेला आणि हैदराबादेचा दिल्लीला, असा रात्रंदिवस ओघ चालू असतो. आमची शाळा या रस्त्याच्या एका अंगाला आहे.

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ नागपूरहून मोटार घेऊन आला. चकली तोंडात टाकण्याआधी त्याने खिशातून मोबाइल काढून मला दंडाची पावती दाखवली. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल कुठल्याशा कॅमेऱ्याने त्याला टिपले होते. "दादा, तूच सांग," तो म्हणाला, "रस्ता असा की पोटातले पाणी हलत नाही. गाडी अशी की दाबली तर जागच्या जागी उभी राहते. पाटी मात्र आजोबांच्या काळातली! जी मर्यादा कोणीच पाळत नाही ती ठेवायची तरी कशाला? वाढवा, आणि मग खुशाल दंड करा."

त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. त्यात तथ्य आहे. १८६५ साली विलायतेत असा कायदा झाला होता की, वाफेची गाडी गावाबाहेर ताशी ४ मैलांवर आणि गावात २ मैलांवर जाता कामा नये, आणि तिच्यापुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालला पाहिजे. त्या माणसाला कोणी परत बोलवा असे मी म्हणणार नाही. मर्यादा काळाबरोबर बदलतात आणि बदलाव्याच लागतात. आपल्याकडेही एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून मोटारींची कमाल मर्यादा द्रुतगती मार्गांवर १२० आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर १०० पर्यंत नेली होती. एका अपघातग्रस्ताच्या भरपाईचे प्रकरण ऐकताना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचनाच रद्द ठरवली. रस्ते सुधारले म्हणून वेग वाढवावा हे सरकारचे म्हणणे, आणि माणसे वेगाने मरतात हे न्यायालयाचे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतल्या दहांपैकी सातांच्या नावापुढे सरकारी अहवालात कारण लिहिले आहे ते अतिवेगाचे.

पण मेलेल्यांच्या आकड्यांनी माझ्या भावाचे समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नसते. लाखाचा आकडा वाचताना कोणाचाच पाय आपोआप ब्रेककडे जात नाही. म्हणून मी पाटी घेऊन बसलो. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबलेले. पण एवढ्याला ते पुरते. नागपूर ते पांढरकवडा सुमारे दीडशे किलोमीटर. ताशी ८० ने गेले तर १ तास ५२ मिनिटे, १०० ने गेले तर दीड तास, १२० ने गेले तर सव्वा तास. पहिल्या विसाने बावीस मिनिटे दिली, दुसऱ्या विसाने पंधराच. आणि ८० वरून १२० वर गेले की वेग दीडपट होतो, पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर सव्वादोनपट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, सरासरी वेग शंभरात एकाने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका शंभरात चाराने वाढतो. एकूण हा सौदा जसजसा पुढे जावा तसतसा महाग होत जाणारा आहे.

"पंधरा मिनिटे ती पंधरा मिनिटेच," भाऊ म्हणाला.

तेही खरे. दिवसभर राबून घरी निघालेला माणूस पंधरा मिनिटे आधी पोहोचला तर लेकरू जागे सापडते. हजारो गाड्यांची पंधरा-पंधरा मिनिटे एकत्र केली तर केवढी मोठी रास होईल! अर्थशास्त्री अशी रास घालतात, तिला रुपयांत मोजतात आणि राष्ट्राच्या खात्यावर जमा दाखवतात. माझे त्यांच्याशी भांडण आहे ते याच खात्यावरून. ते सांगण्यासाठी मला माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती माझ्या मोठेपणाची नाही.

रस्त्याच्या पलीकडे, शेतांच्या मागे, एक कोलामांचा पोड आहे. तिथून पाचवीत एक मुलगा येत असे. रोज उशीर. प्रार्थना संपून हजेरी सुरू झाली की हा दारात उभा. मी शिस्तीचा मास्तर. उशिरा येणाऱ्याने पहिला तास व्हरांड्यात उभे राहून ऐकायचे असा माझा नियम होता. एकदा विचारले, "का रे, रोजचाच कसा उशीर?" तो म्हणाला, "सर, गाड्या सरतच नाई ना जी!" मला ती सबब वाटली. पोरे बैल सुटल्यापासून पेन्सिल हरवल्यापर्यंत काय काय सांगतात! मी त्याला आठ दिवस उभा केला. नवव्या दिवशी तो वेळेवर आला, आणि पुढे रोज येऊ लागला. मी सगळ्या वर्गासमोर त्याला शाबासकी दिली. माझ्या शिस्तीने एक मूल सुधारले या समाधानात मी तो सगळा महिना काढला.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका सकाळी तालुक्याला जाण्यासाठी मी एस.टी.ची वाट पाहत रस्त्याकडेला उभा होतो. पलीकडून तो येताना दिसला. दप्तर छातीशी धरलेले, दुसऱ्या हाती धाकटी बहीण. अर्धा रस्ता ओलांडून दोघे दुभाजकातल्या कण्हेरीच्या झुडपांत उभी राहिली. गाड्यांची रीघ काही तुटेना. मुलाने एकदा आमच्या शाळेकडे पाहिले. मग एका ट्रकच्या पुढून, बहिणीला जवळजवळ उचलून, तो पळत सुटला. ट्रकचा भोंगा किती वेळ वाजत राहिला! ड्रायव्हरने खिडकीतून तोंड काढून शिवी हासडली. मी दिसताच मुलाचा चेहरा फुलला. "सर," तो धापा टाकीत म्हणाला, "आज मी पैलाच आलो!"

काहीच घडले नव्हते. वर्तमानपत्रात यावे असे काही नाही, सरकारी अहवालात नोंद व्हावी असे काही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पोडातल्या मुलांना उशिराची शिक्षा मी बंद केली. पण तो भोंगा माझ्या कानांतून जाईना.

दोन पदर आणि कडेची जागा मिळून दहा मीटर तरी होतात. बहिणीला धरून चालणाऱ्या मुलाला ते ओलांडायला आठ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८० ची मोटार सुमारे १८० मीटर येते, १०० ची २२० मीटर आणि १२० ची २६५ मीटरांहून जास्त. म्हणजे आमच्या पाचवीच्या पोराने पाव किलोमीटरावरच्या ठिपक्याकडे पाहून तो किती वेगाने येत आहे हे ठरवायचे. सरळ अंगावर येणाऱ्या वस्तूचा वेग मोठ्यांनाही नीट कळत नाही. वेग वाढला की ओलांडण्याजोगी फट मिळायला अधिक थांबावे लागते, नाही तर धाडस अधिक करावे लागते. नागपूरहून येणाऱ्याचे जे वाचते, त्यातले काही कण्हेरीच्या झुडपांत उभे राहून कोणीतरी भरीत असते. सरपणाची मोळी घेतलेली बाई भरते. बंडी हाकणारा शेतकरी दूरच्या मोकळ्या जागेपर्यंत वळसा घालून भरतो, किंवा कंटाळून उलट्या अंगाने बैल हाकतो आणि मग आपणच त्याला अडाणी म्हणतो. त्यांच्या मिनिटांची रास कोणी घालीत नाही. तेव्हा वेळ वाचला असे आपण म्हणतो तिथे पुष्कळदा त्याने नुसता हात बदललेला असतो. माझ्या व्हरांड्याच्या नियमाने मी तरी वेगळे काय केले होते? माझी हजेरी वेळेवर संपावी म्हणून त्याचे पैसे त्या मुलाकडून घेतले होते.

"मग कुंपण घाला, खालून बोगदे काढा," भाऊ म्हणाला. अगदी कबूल. समृद्धी महामार्गाची रचना ताशी १५० साठी केली आहे आणि मोटारींना सपाटीवर १२० ची मर्यादा आहे. तिथे गावातले पोर रस्त्यात यायचे नाही, म्हणून तिथला वाद निराळा आहे. तो ज्याने त्याने आपल्या जिवाशी करावा. जरी, १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ पेटलेल्या बसमध्ये जी २५ माणसे जळाली, ती नुसती झोपलेली होती. तिथे वेगाचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण 'ज्याचा त्याचा जीव' हे वाक्य बसला कितपत लागू पडते, याचा विचार मात्र करावा लागतो. माझे म्हणणे आमच्या उघड्या रस्त्यापुरते आहे. आधी पोडासाठी वाट करा, मग पाटीवरचा आकडा खुशाल बदला. हा क्रम उलटा होतो, कारण पाटी रंगवायला एक सकाळ पुरते आणि बोगद्याला वर्षे लागतात.

राहिला कोणीच पाळत नाही हा मुद्दा. वर्गात सगळेच कॉपी करतात म्हणून मी परीक्षा सोपी करीत नाही. पण काम केव्हाच संपलेल्या जागी '२०' ची पाटी वर्षभर गंजत ठेवणारे लोकही कायद्याची कमी थट्टा करीत नाहीत, हे भावाच्या वतीने मीच म्हणून टाकतो.

भाऊबीजेच्या सकाळी मी त्याला म्हटले, पोडात त्या मुलाच्या घरी फराळाचा डबा द्यायचा आहे, चल. दुभाजकात आम्ही दोघे उभे राहिलो. गाड्यांच्या वाऱ्याने त्याचा नवा सदरा फडफडत होता, आणि त्याने माझी बाही घट्ट धरली होती. लहानपणी शकुंतलेतून उतरताना धरी तशी. सवयीने त्याने घड्याळाकडे पाहिले.

"किती झाली?" मी विचारले.

"सहा मिनिटे," तो म्हणाला.

दुपारी तो नागपूरला निघाला. परतीला किती वेळ लागला, हे त्याने कळवले नाही आणि मीही विचारले नाही.