तायकिळ्याची जुडी

पावसाळी सकाळी वाळपईच्या बाजारात सत्तरीच्या गावांतून आलेल्या बायका तायकिळा, अळू, फागलां मांडून बसतात. तायकिळा तर कुणी पेरतही नाही. पहिल्या पावसाबरोबर रस्त्याकडेला आपसूक उगवतो. त्यात फणसाच्या घोट्या आणि वरून ओलं खोबरं, झाली भाजी! संध्याकाळी गर्दी मात्र गाड्यापाशी, लालभडक गोबी मंच्युरियनसाठी. 2024 च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने याच पदार्थावर बंदी घातली. कारणं दोन: कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. पण बंदीने घरात चूल पेटत नाही.

सकस खाणं महाग, असं आपण म्हणतो. नाचणीची आंबील, उकड्या तांदळाची पेज महाग कशी? महाग आहे तो वेळ. पानं खुडा, धुवा, बारीक चिरा, नारळ खवा. हा तास बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येतो, मग ती नोकरीवरून दमून आलेली का असेना. तिने येताना पार्सल आणलं, तर तिला बोल लावू नये.

आज बाजारातून जुडी आणा. पानं खुडायला मात्र घरातले सगळे बसा, आणि नारळ आज बाबांनी खवावा.