नदीकाठची वाट



आपल्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेत आहे. परवा त्याचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी तो न्यू यॉर्क राज्यातील सॅमन नदीवर गळ घेऊन गेला होता आणि ‘खाजगी जागा, प्रवेश बंद’ असा फलक पाहून परतला होता. त्याने रागाने विचारले, “फादर, नदी देवाची, मासे देवाचे, मग काठावर अडवणारा हा मालक कोण?”

प्रश्न साधा नाही. ही नदी पुलास्की गावातून वाहत ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सरोवरात वाढलेले चिनूक जातीचे सॅमन मासे अंडी घालण्यासाठी नदीत चढतात, आणि अंडी घालून मरतात. यातील कित्येक मासे सरकारी केंद्रात, लोकांच्या पैशाने वाढवून सोडलेले असतात. मात्र नदीच्या मुखाकडचा काठ आणि तळ खाजगी मालकीचा आहे. तेथून होडीने जाता येते, पण मालकाच्या परवानगीविना मासे धरता येत नाहीत, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला.

त्याच नदीवर वरच्या अंगाला दुसरी रीत दिसते. तेथे सरकारने जमीनमालकांकडून काठावरील एका पट्टीपुरता हक्क विकत घेतला आहे. १९३५ पासून त्या राज्यात हे काम चालू आहे. जमीन मालकाचीच राहते. पण ती अरुंद पट्टी, बहुधा ३३ फुटांची, गळ टाकणाऱ्या कोणालाही कायमची खुली असते. तेथे चालायचे आणि मासे धरायचे, एवढेच. तंबू ठोकायचा नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. वस्तू सांभाळण्यासाठी खाजगी मालकी योग्य आहे, कारण आपले म्हणून माणूस अधिक काळजी घेतो. पण वापराच्या वेळी ती केवळ आपलीच समजू नये, गरजवंताला वाटा देण्यास तयार असावे. लेवीय पुस्तकातही हेच आहे. शेत तुझे नाही, असे परमेश्वर म्हणत नाही. कडेचे पीक गरिबासाठी व परक्यासाठी ठेव, एवढे सांगतो. हौसेने गळ टाकणारा माणूस म्हणजे उपाशी रूथ नव्हे, हे मान्य. तरीही देवाच्या देणगीकडे जाणारी एक वाट उघडी राहावी, हे न्यायाचेच आहे.

पण बंधुभगिनींनो, वाटेची दुसरी बाजूही आहे. कोणी तुटलेली दोरी आणि बाटल्या काठावर टाकतो. कोणी दुसऱ्याच्या दारात गाडी लावतो. कोणी गाभोळी काढून घेऊन उरलेला मासा तसाच फेकतो. फलक लावायला मालक दुष्टच असावा लागत नाही, पाहुण्याचा कचरा पुरतो. मालकाने दार लावले तर तो चुकतो, आणि आपण दार लावायला भाग पाडले तर आपण चुकतो.

पुनरुत्थित प्रभू तिबेर्या सरोवराच्या काठी उभा होता. रात्रभर राबून आलेल्या शिष्यांसाठी त्याने निखाऱ्यावर मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. तो किनारा कोणाच्या मालकीचा होता, हे शुभवर्तमान सांगत नाही. तेथे थकलेल्यांना बोलावणारा कोणीतरी होता, एवढे सांगते.

मी त्या तरुणाला म्हटले, “अरे, फलक असेल तेथून मुकाट्याने मागे फिर. वाट असेल तेथे जा, आणि येताना दुसऱ्याचाही कचरा उचलून आण.”

आज मिस्सा संपल्यावर घरी जाताना आपणही आपल्या कुंपणाकडे पाहू या. विहिरीकडे, समुद्राकडे किंवा रुसलेल्या भावाच्या दाराकडे जाणारी कोणती वाट आपण बंद केली आहे? या आठवड्यात तिचे एक तरी फाटक उघडू या.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू