याईरच्या घरी



संत मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या आजारी मुलीसाठी प्रभूच्या पाया पडतो. मुलीचे वय बारा वर्षे. आपल्याकडे ती सहावी-सातवीत असती. वाटेतच निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास देण्यात अर्थ नाही. प्रभू तो निरोप ऐकून मागे फिरत नाही. तो तिच्या घरी जातो.

मूल शाळेत येईनासे झाले की आपण काय करतो? हजेरीपटावर लाल शेरा, पालकांना चिठ्ठी, फार तर एक फोन. मग 'त्याचे अभ्यासात लक्षच नाही' असा निकाल देऊन मोकळे होतो. बाप रोज पिऊन येतो, आई पहाटेच कामाला निघते, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरात दुसरे कोणी नाही, हे हजेरीपटावर कुठे लिहिलेले असते? १९०६-०७ च्या सुमारास अमेरिकेतील न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत मुलांच्या घरी जाणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या. शाळा आणि घर यांच्यामध्ये उभे राहायचे, हेच त्यांचे काम. शालेय समाजकार्याची सुरुवात तिथून झाली. आपल्याकडे समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था १९३६ साली मुंबईत निघाली. आज ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या किती शाळांत अशी समाजसेविका आहे, हे ज्याने-त्याने पाहावे.

याईरच्या घरी प्रभू काय करतो तेही बघा. रडणारी आणि हसणारी गर्दी तो आधी बाहेर काढतो. आत फक्त आईबाप आणि तीन शिष्य. चांगली समाजसेविका नेमके हेच करते. मुलाशी एकांतात, धीराने बोलते, आणि आईबापांना दोषी न ठरवता सोबत घेते. आपल्याकडे मात्र एखाद्या घरातली गोष्ट मिस्सा सुटेपर्यंत चर्चच्या पायऱ्यांवर पोहोचलेली असते! झालेले कोणाला सांगू नका, असे प्रभूने त्या घरच्यांना बजावले होते.

पण गुप्तता म्हणजे झाकपाक नव्हे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाची ओळख उघड करायची नाही, हेही तोच कायदा सांगतो. घराण्याची किंवा शाळेची अब्रू हे गप्प बसण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणि शेवटी, मुलगी उठून चालू लागल्यावर, तिला खायला द्या म्हणून प्रभू सांगतो. एवढा मोठा चमत्कार, आणि त्याला तिच्या पोटाची आठवण! उपाशी मुलाला गणित शिकवता येत नाही हे शिक्षकांना ठाऊक आहे. शाळेत खिचडी शिजते ती उगीच नव्हे.

शाळेला रंग, नवे बाक, संगणक यांसाठी आपण हात सैल सोडतो, आणि देणाऱ्याचे नाव पाटीवरही लागते. समाजसेविकेच्या पगाराला पाटी नसते. शाळा समितीने आणि पालक-शिक्षक संघाने यंदा तरी हा विषय सभेत घ्यावा. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजू मुलांची फी भरतात, हे मोठेच काम आहे. फी भरल्यावर त्यांनी एकदा त्या घरी जाऊन बसावे, एवढीच विनंती.

आपल्या आळीतले एखादे मूल दोन आठवडे गणवेशात दिसले नसेल, तर शेजाऱ्याला विचारत बसू नका, वर्गशिक्षिकेला सांगा. मूल धोक्यात आहे असे वाटले, तर १०९८ हा मोफत क्रमांक फिरवा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता सरकार चालवते, आणि मूल स्वतःही तिथे फोन करू शकते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून तो क्रमांक पाठ करून घ्यावा.