भावनांचा तास

पहिलीत येणारे सहा वर्षांचे मूल अक्षरे आणि अंक शिकते. त्याच वेळी ते आणखी एक अवघड गोष्ट शिकत असते, ती म्हणजे परक्या मुलांच्या घोळक्यात दिवस काढणे. आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, पेन्सिल मागून घ्यायची, ती परत मिळाली नाही तर ओरबाडायची नाही, खेळात हरल्यावर डाव उधळून द्यायचा नाही. हे सगळे वयाबरोबर आपसूक येते, असा समज आहे. काही मुलांना ते येतेही. घरात भावंडांचा गोतावळा असेल तर जरा लवकर येते. ज्यांना येत नाही, ती ‘व्रात्य’, ‘हट्टी’ किंवा ‘घुमी’ ठरतात. वाचता न येणाऱ्या मुलाला शाळा वाचायला शिकवते, पण राग आवरता न येणाऱ्याला शिक्षा करते. राग आवरणेही वाचण्यासारखेच शिकवता येते, या विचारातून सामाजिक-भावनिक शिक्षण उभे राहिले.

त्याची एक सुरुवात 1968 मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन या शहरात झाली. येल विद्यापीठातील बालमनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी तिथल्या दोन शाळांत काम सुरू केले. मुले बहुतांशी गरीब कृष्णवर्णीय घरांतली होती आणि अभ्यासात फार मागे होती. कोमर यांनी मुलांना जादा तास लावले नाहीत. पालक, शिक्षक आणि समुपदेशक यांना एकत्र बसवून त्यांनी शाळेचा कारभारच बदलायला घेतला. मूल आणि शाळेतली मोठी माणसे यांच्यात विश्वास नसेल तर शिकणे रुजत नाही, हे त्यांचे निदान होते. पुढे 1994 मध्ये या कामाला ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ हे नाव आणि ‘कॅसल’ ही संस्था मिळाली. 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांचे भावनिक बुद्धिमत्तेवरचे पुस्तक गाजले आणि विषय घरोघरी पोचला. स्वतःच्या भावना ओळखणे, त्या आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाती जपणे आणि विचार करून निर्णय घेणे, अशी या शिक्षणाची पाच अंगे कॅसलने ठरवली. जगभरचे बहुतेक अभ्यासक्रम आज थोड्याफार फरकाने याच चौकटीत बसतात.

हे प्रत्यक्षात शिकवतात कसे, ते ‘पाथ्स’ या कार्यक्रमात चांगले दिसते. मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरल कुशे यांनी तो 1980च्या दशकात तयार केला, तोही आधी कर्णबधिर मुलांसाठी. ऐकू येणारे मूल घरातल्यांचे बोलणे कानावर पडता पडता मनातल्या गोष्टींसाठी शब्द उचलते. कर्णबधिर मुलाला ती संधी कमी मिळते आणि सांगता न आलेला राग हातापायांतून बाहेर पडतो. कार्यक्रमाचा रोख म्हणूनच आधी भावनेला नाव देण्यावर आणि मग ती आवरण्यावर आहे. लहान मुलांना त्यात एका कासवाची गोष्ट सांगतात. शाळेत सारखी मारामारी करणाऱ्या छोट्या कासवाला एक म्हातारे कासव समजावते, की उपाय तुझ्या पाठीवरच आहे. राग आला की कवचात शिरायचे, लांब श्वास घ्यायचा आणि मग काय झाले नि कसे वाटते ते सांगायचे. वर्गातली मुले दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन ‘कासव’ होतात. श्वास घेणे हा यातला सोपा भाग. खरी मेहनत तिसऱ्या पायरीवर, म्हणजे सांगण्यात आहे. आणि ऐकून घेणारे कोणी नसेल तर ती पायरी फुकट जाते.

सांगण्यासाठी शब्दही हवेत. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला अशा चार चेहऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावून काम भागत नाही. सहलीचे नाव यादीतून गळलेले मूल नुसते दुःखी नसते, त्याचा हिरमोड झालेला असतो. सगळ्यांसमोर फीची आठवण करून दिलेली मुलगी रागावलेली नसते, ओशाळलेली असते. रुसणे, खट्टू होणे, हेवा वाटणे, कानकोंडे होणे हे मराठी मुलाने घरी ऐकलेले असते, पाठ्यपुस्तकात मात्र ते क्वचितच भेटते. अहिराणी, वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातल्या मुलाचे शब्द तर शाळेच्या दारातच अडतात. पहिली-दुसरीत भावनांविषयीचे बोलणे घरच्या बोलीत होऊ देणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे.

वेगळा तास न ठेवताही हे शिक्षण होऊ शकते, याचे उदाहरण बरेच जुने आहे. मारिया माँटेसोरी यांची पहिली बालशाळा 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत सुरू झाली. त्यांच्या पद्धतीत वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवतात. दुसरे मूल ते वापरत असेल तर त्याचे होईपर्यंत थांबावे लागते. संयमावर व्याख्यान नाही, मांडणीच अशी की रोज थांबावेच लागते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत भारतीय हातांना आणि खिशांना परवडेल अशी करून घेतली. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मुलाला न दटावता आपलेसे करणे हा तिथे रोजचा शिरस्ता होता.

या सगळ्याचा उपयोग होतो का, या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देणारा सर्वांत परिचित अभ्यास 2011चा आहे. जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी 213 कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत 2,70,034 विद्यार्थी होते. वागणूक सुधारलीच, शिवाय अभ्यासातही फरक पडला. शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेले मूल साधारण अकरा जागा पुढे सरकेल, एवढा तो फरक होता. हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात झळकतो. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र बहुधा गाळला जातो: कार्यक्रम नीट राबवला गेला नाही तिथे परिणाम ओसरला. इंग्लंडमध्ये 2005 पासून प्राथमिक शाळांत ‘सील’ हा उपक्रम सुरू झाला आणि नंतर तो माध्यमिक शाळांत गेला. शाळांनी त्यातले काय, किती आणि कसे घ्यायचे ते आपापल्या सोयीने ठरवले. माध्यमिक शाळांच्या 2010च्या मूल्यमापनात मुलांच्या कौशल्यांवर त्याचा दखल घ्यावी असा परिणाम आढळला नाही. साहित्य छापून वाटले म्हणजे काम झाले, हा भ्रम सरकारी योजनांना कुठेही होतो; त्याला इंग्लंडही अपवाद नाही.

भारतात दिल्ली सरकारने जुलै 2018 मध्ये आपल्या शाळांत, नर्सरीपासून आठवीपर्यंत, ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम आणला. पहिली ते आठवीला रोज एक तासिका असे. तीत शांत बसून लक्ष एकाग्र करणे, गोष्टी, कृती आणि गप्पा. परीक्षा नव्हती, आणि हा निर्णय या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल. दहापैकी सहा गुण मिळालेली सहानुभूती ही कल्पनाच हास्यास्पद आहे. शिवाय गुण लावले की मुले हवे ते उत्तर द्यायला शिकतात. महाराष्ट्रात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनच्या ‘मूल्यवर्धन’ची सुरुवात 2009 मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. संविधानातील मूल्ये हा त्याचा पाया. शिक्षकाने उपदेश करण्याऐवजी मुलांनी जोडीत आणि गटात चर्चा करायची, ही त्याची रीत. एरवी बहुतेक शाळांत मूल्यशिक्षण म्हणजे परिपाठातला सुविचार. तो फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेला असतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत कोणाच्याही लक्षात नसतो.

या शिक्षणावरचा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. परिस्थितीचा भार ते मुलाच्या अंगावर टाकते, असे टीकाकार म्हणतात. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा मिठाईचा प्रयोग सर्वांना माहीत असतो: समोरचा एक मार्शमेलो न खाता थांबले तर दुसरा मिळेल. थांबू शकलेली मुले पुढे आयुष्यात बरी निघाली, असे त्यातून सांगितले जाई. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर ते पुन्हा तपासले. संबंध आधीच्या निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही मोठा भाग गळून पडला. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही, तिथल्या मुलाने समोर आहे ते लगेच खाणे यात व्यवहारज्ञान आहे, दुबळेपणा नाही. उपाशी मुलाला दीर्घ श्वास घ्यायला लावण्यात अर्थ नाही. त्याला आधी खिचडी हवी. आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, जातीवरून कोणी कोणाला बाजूला सारतो का, याकडे शिक्षकाचे लक्ष असेल तर ती खिचडीची वेळ कोणत्याही तासिकेपेक्षा जास्त शिकवून जाते.

हा आक्षेप खरा आहे, पण त्याने शिक्षण रद्द होत नाही. जबाबदारी कोणावर आधी येते, ते त्यातून ठरते. अजूनही अनेक वर्गांत शिक्षक बाहेर गेले की मॉनिटर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो, जास्त बोलणाऱ्याच्या नावापुढे फुल्या वाढवतो, आणि शिक्षक परत आल्यावर त्या नावांना छडी किंवा टोमणा मिळतो. अशा वर्गात सकाळी कासवाची गोष्ट सांगितली, तरी दिवसभरात मुले शिकतात ते चहाडी, भीती आणि बलवानाची मर्जी राखणे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. ते मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जी शाळा हे कलम पाळत नाही, तिने भावनांचा तास वेळापत्रकात घालू नये.